टाके, तांक आणि टँक

कडगंची हे नाव गुरुचरित्राच्या वाचकांस अपरिचित नाही. श्रीनृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव ह्यांचे हे गाव, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर हे गुरुचरित्राचे कर्ते, अशी परंपरा आहे. कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या जमिनीच्या आणि तुरीच्या शेतांच्या मुलुखात हे गाव वसले आहे. कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ २००९ साली स्थापन झाले. त्याचा परिसरही येथेच आहे. कन्नड ही येथील मुख्य भाषा. तथापि सीमा जवळ असल्यामुळे मराठी बहुतेकांस समजते, आणि बाजारात दखनीही कानी पडते.

गाणगापूरच्या यात्रेस जाताना आम्ही ह्या गावी एका ओळखीच्या घरी उतरलो होतो. दुपारच्या वेळी घरधन्याने आपल्या मुलीस हाक मारून कन्नडमध्ये सांगितले, 'ट्यांक तुंबितेनु नोडु.' आजीबाई मूळच्या सोलापूरकडच्या; त्यांनी ओसरीवरून मराठीत विचारले, 'अगं, टाकी भरली का?' माझ्यासमवेत गोव्याचे एक स्नेही होते; ते हसून म्हणाले, 'आमच्याकडेही हेच. टांकी भरली, की सगळ्यांचा जीव भांड्यात!' एका छपरावरच्या काळ्या प्लास्टिकच्या भांड्यासाठी तीन भाषांनी क्षणार्धात एकच शब्द उच्चारला. तो शब्द कोणाचा, असे मी विचारले, तेव्हा घरधनी म्हणाले, 'इंग्रजांचा.' आजीबाई म्हणाल्या, 'टाकी कशी इंग्रजांची होईल? गडांवर टाकी इंग्रज येण्याआधीपासून आहेत.'

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे शोधावे, म्हणून हा लेख.

प्रथम आजीबाईंच्या बाजूने. मराठीत 'टाके' म्हणजे खडकात खोदलेला पाण्याचा साठा. सह्याद्रीतील गडांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाळ्यात पडेल तेवढेच पाणी. ते धरून ठेवण्यासाठी माथ्यावरच्या कातळात चौकोनी कुंडे कोरली जात. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही टाकी ज्याने पाहिली, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे, आणि गुजरातीतही त्याचे भावंड त्याच अर्थाने नांदते. वस्तू तर शब्दाहूनही जुनी आहे. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत, भिक्षूंच्या निवासाशेजारी अशी कुंडे सुमारे २ हजार वर्षांपासून पाणी धरून आहेत. तेथील प्राकृत शिलालेखांत त्यांना 'पोढी' असे नाव आहे, आणि ती खोदवून देणाऱ्या दात्यांनी आपली नावे भक्तिभावाने कोरून ठेवली आहेत.

संस्कृतात 'टंक' म्हणजे पाथरवटाची छिन्नी. मराठीत तिलाच 'टाकी' म्हणतात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. टंक म्हणजे ठसा उमटवलेले नाणेही. त्यापासून टांकसाळ आली, टका आला, आणि आधुनिक काळात टंकलेखनही आले. देवघरातील कुलदेवतेचे टाक, तेही ठोकून उठाव आणलेल्या पत्र्याचेच असतात; त्यांचे नाते ह्याच कुळाशी जोडतात. टाकीने कोरले ते टाके, ही उपपत्ती अर्थाच्या आणि ध्वनीच्या दोन्ही अंगांनी सुसंगत आहे. एवढ्यावरून इंग्रजी शब्द आमच्या टाक्यातूनच उपसला गेला असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. पण मोह आणि पुरावा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुराव्यासाठी आपणांस १४९८ सालच्या कालिकतला जावे लागेल. वास्को द गामाची गलबते त्या वर्षी मलबारच्या किनाऱ्यास लागली. त्याच्या सोबत्यांपैकी एकाने लिहिलेली प्रवासाची दैनंदिनी उपलब्ध आहे. कालिकतला त्यांना एका मोठ्या देवालयात नेण्यात आले, आणि ते ख्रिस्ती मंदिरच आहे असा त्यांचा समज झाला! भिंतींवरील देवतांची चित्रे त्यांना संतांची वाटली. हा गैरसमज अनेकांनी सांगितला आहे; परंतु त्याच वर्णनात पुढे एक साधे वाक्य येते, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या देवळाच्या खालच्या बाजूस दगडी बांधणीचे एक मोठे जलाशय होते, आणि वाटेत पाहिलेल्या अनेकांसारखेच ते होते, असे तो दैनंदिनीकार सांगतो. त्यासाठी तो जो शब्द वापरतो तो 'तांक'.

देवाला ते ओळखू शकले नाहीत. देवाच्या तळीला मात्र त्यांनी अचूक नाव दिले. ह्याचा अर्थ उघड आहे. किनाऱ्यास लागून थोडेच दिवस झालेल्या खलाशाने तो शब्द येथे शिकून, पचवून, आपल्या वहीत सहजपणे लिहिला असेल, हे संभवत नाही. शिवाय गुजराती-मराठीचा प्रदेश त्या किनाऱ्यापासून पुष्कळ दूर. म्हणजे 'तांक' हा शब्द ते लिस्बनहून आपल्याबरोबरच घेऊन आले होते. पोर्तुगीज भाषेत त्याचे मूळही सापडते. वाहते पाणी अडवणे, थांबवणे ह्या अर्थाचे 'एस्तांकार' असे एक क्रियापद तिच्यात आहे; त्यापासून 'एस्तांक', आणि त्याचे आखूड रूप 'तांक'. जुने कोशकार ह्याचा संबंध साचलेले पाणी ह्या अर्थाच्या 'स्टाग्नुम' ह्या लॅटिन शब्दाशी लावीत.

म्हणजे आमचे टाके आणि त्यांचा तांक हे सख्खे भाऊ नव्हेत. एकाचा जन्म छिन्नीतून, दुसऱ्याचा बांधातून. एक खोदण्याचा शब्द, दुसरा अडवण्याचा. दोन दूरच्या घराण्यांत जन्मलेली, पण नावाने आणि रूपाने जवळजवळ सारखी अशी ही दोन माणसे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांस भेटली. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व्यापारी सुरतेस आले, तेव्हा किनाऱ्यावरच्या व्यवहारात पोर्तुगीज भाषा रुळलेली होती, आणि भोवताली गुजराती बोलली जात होती. दलालाने पोर्तुगीजातून 'तांक' म्हटले काय, आणि गुजरातीतून 'टांकू' म्हटले काय, इंग्रजाच्या कानाला फरक तो काय कळणार? त्याने 'टँक' असे लिहून घेतले. यूल आणि बर्नेल ह्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या विख्यात कोशात ह्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. शब्दाला दोन उगम असू शकतात. नदीला असतात, तसेच.

इंग्रजांनी हा शब्द उचलला तो आरंभी केवळ ह्याच अर्थाने : हिंदुस्थानातील जलाशय. परंतु येथे एक गोष्ट घडली, आणि तिची किंमत आम्ही अजून मोजीत आहोत. आमच्याकडे पाण्याच्या प्रत्येक साठ्यास त्याचे त्याचे नाव होते. कातळात कोरलेले ते टाके. पायऱ्या उतरून जावे लागते ती बारव. देवालयापुढची, उत्सवमूर्तीच्या अवभृथस्नानाची ती पुष्करणी. कन्नड मुलुखात तिलाच कल्याणी म्हणतात. कोकणीत देवळाची ती तळी. ओढ्यावर मातीचा बांध घालून शेतीसाठी अडवलेले ते कन्नड केरे. बिदरजवळ नौबादेस जमिनीच्या पोटातून बोगद्याने पाणी आणले आहे, ते फारशी करेझ. साहेबाच्या दप्तरात ह्यांपैकी बहुतेक सर्वांस एकच नाव लागले : टँक. वाळकेश्वरची बाणगंगा टँक झाली. गोवंडीकाठचे असो वा गावकुसाबाहेरचे, प्रत्येक तळे टँक झाले. आणि ज्यांची संख्या कर्नाटकात ३६ हजारांच्या घरात सांगितली जाते ते केरेही सारे टँकच झाले. गमतीची गोष्ट अशी की केरे हे खोदण्यापेक्षा बांधण्याचे काम आहे. म्हणजे मराठी टाक्यापेक्षा पोर्तुगीज तांकाच्या मूळ अर्थाशी त्याचे अधिक जुळते.

नाव एक झाले की वस्तूही एकच भासू लागते. पुष्करणीचे पावित्र्य, टाक्याची काटकसर, केऱ्याच्या गाळाची वाटणी, ह्यांमागे निरनिराळे आचार होते, निरनिराळे मानकरी होते. दप्तरातील एका रकान्यात ते मावले नाहीत.

इंग्रजीत मात्र शब्दाची भरभराट चालूच राहिली. जमिनीतील जलाशयावरून तो कोणत्याही मोठ्या भांड्यास लागला. आगगाडीच्या इंजिनावर पाण्याचा टँक आला, मोटारीत तेलाचा आला, आणि शहरातील घरांच्या छपरांवर पुन्हा पाण्याचा आला. एक मूलभूत बदल येथे झाला तो लक्षात घ्यावा. जमिनीतील टाके आभाळाकडे तोंड करून असते. त्याला भरणारा पाऊस. छपरावरच्या टाकीचे तोंड झाकलेले असते. तिला भरणारा नळ, आणि त्या नळामागे कोठेतरी दूर असलेले दुसऱ्या कोणाचे तरी पाणी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत डोक्यालाही थट्टेने 'थिंक टँक', विचारांची टाकी, म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच नाव धोरणे आखणाऱ्या अभ्यासमंडळांस चिकटले, आणि आज आपली वृत्तपत्रे तो शब्द जसाच्या तसा छापतात.

ह्या सर्वांहून नवलाचा अर्थ निघाला तो युद्धात. १९१५ साली ब्रिटिश आरमारखात्याने एक समिती नेमून चिखलातून व खंदकांवरून चालणारी चिलखती गाडी तयार करण्याचे काम गुप्तपणे चालविले. समितीचे नाव होते भूमिनौका समिती. परंतु ते नाव ऐकताच शत्रूस सुगावा लागला असता. लिंकन शहराच्या कारखान्यात तयार होणारे ते पोलादी धूड म्हणजे मेसोपोटेमियातील फौजेसाठी पाणी वाहणारी टाकी आहे, अशी हूल उठविण्यात आली. ही हूल पटण्याजोगी होती. कारण त्या उष्ण मुलुखात पुण्याची सहावी डिव्हिजन, आणि तिच्यातील मराठा पलटणी, त्याच वेळी लढत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये 'टँक' हे सांकेतिक नाव ठरले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ही गाडी प्रथम लढाईत उतरली. तिचे गुपित त्या दिवशी संपले. खोटे नाव मात्र खरे ठरून राहिले. मराठीने येथे तरी विवेक दाखविला, आणि 'रणगाडा' असा नेमका शब्द घडविला.

आता आपण पुन्हा कडगंचीच्या मुलुखात येऊ; कारण ह्या शब्दाचे पहिले आणि शेवटचे टोक एकमेकांस भेटले ते येथून फार दूर नाही. आळंदच्या वायव्येस नळदुर्ग आहे. तो आज महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यात असला, तरी १९४८ साली नळदुर्ग, आळंद, कडगंची, बिदर हा सारा टापू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नळदुर्गाच्या किल्ल्यातून बोरी नदी वाहते. मुख्य किल्ला आणि रणमंडळ ह्यांना जोडणारा एक भक्कम दगडी बांध नदीवर घातलेला आहे, आणि त्या बांधाच्या पोटात, कोसळत्या पाण्याच्या पडद्याआड, पाणीमहाल बांधलेला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, हे काम झाले. पाणी अडवणे हा जो तांक शब्दाचा मूळ अर्थ, त्याचे ह्या भागात ह्याहून देखणे उदाहरण नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे, सोलापूरच्या बाजूने मेजर जनरल जे. एन. चौधरी ह्यांच्या आधिपत्याखालील भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली. तिच्याबरोबर शेर्मन आणि स्टुअर्ट जातीचे रणगाडे होते. पहिल्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल आणि नळदुर्ग हस्तगत झाले. पुढे उमरग्यावरून हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. सोमच्या रणभूमीवर पहिला रणगाडा उतरला, त्याला ह्या वेळी दोन दिवस कमी ३२ वर्षे झाली होती. इंग्रजाने सुरतेस उचललेला पाण्याचा शब्द, विलायतेत लोखंडाचा होऊन, पाणीमहालाच्या दारावरून गडगडत गेला. कलबुर्गी-बिदरकडे १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. त्या इतिहासात ह्या शब्दाचीही एक ओळ आहे.

येथेच लेख संपवला असता, तर ती एक मनोरंजक शब्दकथा झाली असती. परंतु ह्या मुलुखात पाण्याविषयी केवळ मनोरंजनासाठी बोलता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये, बिदरला लागून असलेल्या लातूर शहरात पिण्यास पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत टाक्यांच्या १० वाघिणी होत्या, आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. गावोगावी तर दर उन्हाळ्यात टँकर येतात. टँकर हा त्याच शब्दाचा नातू. आजोबा टाके आटले, बुजले, कोणी त्यात कचरा टाकला, कोणी त्याच्या काठावर इमारत उठविली, तेव्हा नातू चाकांवरून दाराशी आला. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो 'टँक' त्यापूर्वीच बुजवला गेला होता, आणि पाण्याची आठवण तेवढी नावात उरली होती, हे आपल्या ध्यानी येत नाही. नाव टिकले आणि पाणी गेले, असे ते उदाहरण आहे. पाणी टिकवून नाव गमावल्याची उदाहरणे आपल्या देवळांतूनही सापडतील.

ह्या मासिकाचे वाचक देवस्थानांशी जोडलेले आहेत. म्हणून हे विशेषेकरून त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आले. मंगेशीच्या देवालयाची बांधणी पुढे वेळोवेळी पालटत गेली, तरी तेथील तळी हा त्या परिसरातील सर्वांत जुना भाग मानला जातो. कलबुर्गीस शरणबसवेश्वरांच्या देवालयाजवळ अप्पांचे केरे आहे. गाणगापूरला भीमा-अमरजा संगम आणि अष्टतीर्थे आहेत. शंकराने दिलेल्या अमृताच्या घटातून सांडलेल्या थेंबांपासून अमरजा झाली, ही गुरुचरित्रातील कथा प्रत्येक दत्तभक्त जाणतो. सांडलेला थेंबही ज्यांना तीर्थ वाटला, त्यांच्या वंशजांनी तीर्थास 'टँक' म्हणावे, आणि देवस्थानाच्या वार्षिक अहवालात 'टँक दुरुस्ती' ह्या सदराखाली त्याचा खर्च दाखवावा, हे मला योग्य वाटत नाही. ज्या वस्तूला आपण दुरुस्तीचे सदर देतो, तिची आपण दुरुस्ती करतो, अथवा पैसे नसतील तर करीत नाही. पुष्करणीच्या बाबतीत तसे नसते. तिचा गाळ काढणे ही सेवा असते, आणि सेवेस माणसे मिळतात.

शब्द परका आहे म्हणून टाकावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो पुरता परका नाही, हेच आपण आतापर्यंत पाहिले. छपरावरच्या टाकीला टाकी म्हणावे. ते नाव तिला शोभते. रणगाड्यास रणगाडा म्हणावे. परंतु तळीला तळी, केऱ्याला केरे, बारवेला बारव म्हणण्याची सवय आपण सोडू नये. देवालयाच्या फलकावर ते नाव मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये, त्या त्या ठिकाणच्या भाषेत लिहिलेले असावे, आणि ते खोदवणाऱ्याचे नाव ज्ञात असल्यास तेही असावे. कान्हेरीच्या भिक्षूंनी एवढे केले होते.

त्या दुपारी कडगंचीच्या घरी मुलगी जिन्यावरून ओरडली, की टाकी भरून वाहू लागली आहे. घरधनी पंप बंद करण्यास धावले. आजीबाई मात्र उठल्या आणि छपरावरून पडणाऱ्या धारेखाली त्यांनी तांब्याची घागर नेऊन ठेवली. ती भरेपर्यंत त्या तेथेच उभ्या होत्या. मग आम्हांस म्हणाल्या, 'शब्द कोणाचाही असो. पाणी सांडू नये.'